केसरबाईनं सांगितलेली लचक

केसरबाई दुखरा हात आधी कधी बघत नसे. माणूस कण्हत अंगणात येऊन बसायचा, दुखरा हात दुसऱ्या हातावर तान्ह्या लेकरासारखा तोलून धरलेला, आणि ती त्याचा चांगला हात मागायची. माणूस बावचळायचा. "हा नाही वं माय, हा दुखते," म्हणत दुसरा पुढे करायचा.

"माहीत हाये मले. पण घर कसं होतं तेच पाह्यलं नाही, त काय पडलं हे कसं समजीन?"

मग चांगल्या हातावरून तिचा अंगठा कोपरापासून निघे आणि मनगट ओलांडून बोटांच्या पेरांपर्यंत जाई. तोवर तिचे प्रश्न चालू. पडला तेव्हा हात पुढं होता का मागं? तळव्यावर पडला का पालथ्या पंजावर? उठताना कोणता हात टेकवला? निम्मं दुखणं तिला या उत्तरांत सापडे. उरलेलं निम्मं दुखऱ्या हातात. पण तिथंही ती जिथं दुखतं तिथून सुरुवात करत नसे; लांबून, पाहुण्यानं आधी ओसरीवर बसावं तशी, हळूहळू आत शिरे.

वडनेर भोलजीत आणि आसपासच्या दहा-बारा गावांत हाताच्या दुखण्याचे तीनच प्रकार होते, आणि तिन्ही शब्द केसरबाईचे होते. लचक, निखळ, मोड. लचक असली तर हळद-तेल लावून फडकं बांधायची. निखळलं असलं तर माणसाला बोलण्यात गुंतवून एका झटक्यात बसवायची. मोड असली तर हात लावायची नाही. बांबूच्या कामट्या बांधून सरळ नांदुऱ्याच्या दवाखान्यात धाडायची. जुडवण्याचा दावा तिनं कधी केला नाही. तिचं काम ओळखण्याचं. घेत काही नसे.

कोपराखालची दोन हाडं म्हणजे तिच्या लेखी दोघी जावा. करंगळीकडची थोरली, जागची हलत नाही. अंगठ्याकडची धाकटी; तळहात पालथा केला की थोरलीला ओलांडून पलीकडे जाते. "एकीले मार बसला का दुसरीचं बी पाह्याव," ती सांगे. "एका घरात राहतात. एकटी कोणी मोडत नाही." मनगटात आठ चिंचोके, एका पुरचुंडीत बांधल्यासारखे. त्यातला अंगठ्याच्या बुडाशी असलेला चिंचोका सगळ्यांत लबाड, कारण तो मोडला तरी हात वाकडा होत नाही, फारसा सुजत नाही. केसरबाई ज्या खळग्यात तपकिरीची चिमूट ठेवून ओढायची, अंगठा ताठ केल्यावर मनगटापाशी पडणाऱ्या त्या खळग्याच्या तळाशी तो बसलेला असतो.

हे तिला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. शिकवलं ते सासऱ्यानं, गुलाबरावानं. त्याच्या बापाच्या काळापर्यंत गावातलं मेलेलं ढोर ओढून नेणं वस्तीच्या वाट्याला होतं. पुढे वस्तीनं ते काम टाकलं, धम्म घेतला, सोलायच्या सुऱ्या नाल्यात फेकल्या. हाताला झालेली हाडांची ओळख मात्र सुरीसारखी फेकून देता येत नाही. ती गुलाबरावाच्या बापाच्या हातातून त्याच्या हातात आली. ज्यांनी या अंगणातलं पाणी कधी घेतलं नाही, ती माणसंही मनगट धरून याच अंगणात बसत. गुलाबराव हसून म्हणायचा, "हात मोडला का इटाळ बी मोडते, अन् हात जुडला का इटाळ बी जुडते."

त्याच्या मुलाच्या हातात ते कसब उतरलं नाही. सुनेच्या हातात आहे, हे म्हाताऱ्यानं तिला तूर पाखडताना पाहून ओळखलं. दुपारी तो गोणपाटाखाली पाच दाणे मांडायचा आणि वरून अंगठा फिरवायला लावायचा. "अख्खी तूर कोणती, डाळ कोणती, सांग." ते जमलं तेव्हा गोणपाटाची दुहेरी घडी. मग गोधडी. वर्ष लागलं. गोधडीतून डाळ ओळखली त्या दिवशी त्यानं तिला एवढंच सांगितलं, "हाताले जे लागलं तेच तोंडानं सांगाव. घरच्याले बी अन् दुश्मनाले बी."

तीस वर्षं तिनं तेच केलं. सरपंचाच्या जावयाला, माहेरी येऊन बसलेल्या बायकोला दया यावी म्हणून जो हात गळ्यात बांधून फिरत होता, तिनं भर अंगणात सांगितलं, "जावईबापू, काहीच नाही झालं तुमाले. हात सोडा अन् बायकोले आणाले जा." लोक आठवडाभर हसले. तिच्या शब्दाला वजन होतं ते यामुळे.

नवरा लवकर गेला. मुलगा अश्वजित शिकला, क्ष-किरणाची पदविका घेऊन नांदुऱ्यात एका खाजगी हाडांच्या दवाखान्यात फोटो काढू लागला. वस्तीतला पांढरा कोट घालणारा तो पहिला. सुरुवातीला मायलेकांचा एक खेळच झाला होता. गावातला कुणी पडला की केसरबाई आधी सांगायची. संध्याकाळी अश्वजित मोबाइलमध्ये फोटो घेऊन यायचा. "माय, तुह्या थोरल्या जावेले तडा गेला, धाकटी साबूत हाये." ती न बघताच म्हणायची, "मनगटापासून चार बोटं वर ना?" तो मोजायचा. चारच बोटं. मग दोघं हसत चहा प्यायची. त्याचं पुस्तक त्यानं एकदा तिच्यापुढे उघडलं तेव्हा तिनं मनगटाच्या चित्रावर बोट ठेवून मोजलं आणि म्हणाली, "आठ. बरोबर लिहेल हाये."

दोन वर्षांपूर्वी मात्र एक गोष्ट घडली. शेंबा रस्त्यावरचा एक ट्रॅक्टरवाला फोटो काढून आला होता. फोटोत काही नव्हतं. केसरबाईच्या अंगठ्याला मोड लागली. तिनं ती चार लोकांत सांगितली. माणूस घाबरून अकोल्याला गेला, मोठं मशीन, मोठा डॉक्टर, आणि निघालं काहीच नाही. हाडाला नुसता मुका मार. तो परत येऊन नांदुऱ्याच्या दवाखान्यात भांडला. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर अश्वजितला सुनावलं, "फोटो तू काढतो आणि खोटा तुझी आई ठरवते. घरी ठरवा एकदा, दवाखाना कोण चालवणार."

त्या संध्याकाळी अश्वजित जेवला नाही. हेल्मेट मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसला. "माय, एक सांगू? फोटो निघाल्यावर तू बोलत नोको जाऊ. फोटोच्या आधी तुह्यं, फोटोनंतर त्याईचं. माही नोकरी त्या फोटोवर हाये."

"चुकलंच माह्यं," ती म्हणाली. आणि खरोखर चुकलं होतं. पण त्या दिवसापासून अंगठा हाडावर टेकवताना तिच्या मनात आधी एक प्रश्न येऊ लागला, जो तीस वर्षांत आला नव्हता. फोटो काढला का?

*

अपेक्षा ही मोतीराम आणि पुष्पाबाईची मुलगी. रस्त्यापलीकडे त्यांचं भाजीचं वावर. फुलकोबी, मेथी, वांगी. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, आणि पोलीस भरतीच्या मागे लागलेली. गावातल्या सात-आठ मुली पहाटे महामार्गाच्या कडेनं धावत, आणि उजाडलं की शाळेच्या मैदानावर चार किलोचा गोळा फेकत. धावण्यात अपेक्षाच्या पुढे दोघी-तिघी होत्या. गोळ्यात कुणी नव्हतं. पुष्पाबाईच्या तक्रारीतही अभिमान असे. "घरातला वरवंटा बी फेकून पाह्यते ही. मसाला वाटाले शेजारी जा लागते मले."

जानेवारीतल्या एका पहाटे रस्त्यावर कुत्रं आडवं आलं. अपेक्षा दोन्ही तळव्यांवर पडली. उठली, हात झटकला, आणखी एक फेरी मारली. घरी येऊन भाकरीचं पीठ मळायला बसली तेव्हा उजवा हात मळेना. मोतीरामानं तिला बसनं नांदुऱ्याला नेलं. अश्वजितनं फोटो काढला. डॉक्टरांनी पाहिला, हाड मोडलेलं नाही म्हणाले, मनगटाला पट्टा दिला आणि कागदावर लिहिलं, दुखणं राहिलं तर दहा दिवसांनी पुन्हा फोटो.

दिवे लागायच्या वेळी पुष्पाबाई मुलीला घेऊन केसरबाईच्या अंगणात आली.

"फोटो त चांगला आला वं केसरबाई. तुह्याच पोरानं काढला. पण हिच्या बापाचं मन मानत नाही. सकाळपासून हाच पोलीस झाल्यावाणी घरात फेऱ्या मारून राह्यला. म्हणे, केसरबाईनं एकदा सांगतलं का झोपतो."

केसरबाईनं आधी डावा हात मागितला. अपेक्षा हसली, तिला हे ठाऊक होतं. "पडली तव्हा हात पुढं?" "हो आजी." "तळवे?" "दोन्ही." "भार कोणावर जास्त?" "उजव्यावर."

चांगला हात पाहून झाला. तिनं उजवा घेतला, पट्टा सोडला. कोपराकडून निघाली. थोरली साबूत. धाकटीही साबूत, शेवटपर्यंत, जिथं ती मनगटाला मिळते तिथंही. मग तिनं म्हटलं, "अंगठा ताठ कर."

डाव्या हाताला खळगा पडत होता. उजव्या हाताला पडला नाही. तो आतून भरून आला होता, विहिरीला पाणी चढावं तसा.

तिनं तिथं अंगठा ठेवला. अपेक्षा ओरडली नाही. नुसता श्वास थांबला, आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर तिच्या पायांची बोटं आवळली गेली. ओरडणाऱ्याचं केसरबाई फारसं मनावर घेत नसे. पायाची बोटं मात्र खोटं बोलत नाहीत. तिनं मुलीचा अंगठा टोकाला धरला आणि सरळ रेषेत मनगटाकडे हलकेच रेटला. पुन्हा बोटं आवळली. आपली दोन बोटं तिच्या मुठीत दिली, दाब म्हणाली. गोळा सात मीटरच्या पुढे टाकणारा तो हात. एखाद्या म्हातारीनं दाबावं तसा दाबला.

गोधडीखालची डाळ होती ती. दोन तुकडे. तिला शंका उरली नाही.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. अश्वजित आत आला, आणि हेल्मेट काढता काढता तिथंच उभा राहिला. अपेक्षाला बघितलं, आईच्या हाताकडे बघितलं. कुणी न विचारताच म्हणाला, "फोटोत काही नोतं, माय."

केसरबाईनं मान वर केली नाही. तिचा अंगठा अजून त्या खळग्यावर होता.

"आजी," अपेक्षा म्हणाली, "भरतीचं ग्राउंड दोन महिन्यांवर हाये. लचकच हाये ना?"

पुष्पाबाई तोंडाकडे बघत होती. मुलगी बघत होती. फाटकातून मुलगा बघत होता, आणि त्या नजरेत काय आहे हे केसरबाईला न बघता कळत होतं. निदान तिला तसं वाटलं.

"लचक हाये," ती म्हणाली.

"पाह्य!" पुष्पाबाईनं मुलीच्या पाठीत चापट मारली. "सकाळपासून रडून राह्यली होती घोडी. चाल आता, तुह्या बापाले झोपवू."

केसरबाईनं मग जमेल तेवढी भरपाई केली. हळद लावली. फडक्याच्या घडीत दोन कामट्या सरकवल्या, अंगठा बांधून टाकला, लचकेला कधी बांधत नाही इतकं आवळून. म्हणाली, "पंधरा दिवस गोळ्याले हात लावू नोको. अन् दहा दिवसानं फोटो काढून घेजा."

"लचकेले कायले फोटो?" पुष्पाबाईनं विचारलं.

केसरबाई फडक्याची गाठ पुन्हा आवळू लागली. लचकेला फोटो लागत नाही, हे पुष्पाबाईला तिनंच शिकवलं होतं, तीस वर्षं.

*

पाचव्या दिवशी मयुरी केसरबाईच्या अंगणावरून चालली होती. अपेक्षाबरोबर धावणारी, वस्तीतलीच मुलगी. केसरबाईनं सहज विचारल्यासारखं विचारलं. "ते? ते त फेकून राह्यली आजी. पट्टा घालून. कामट्या तुह्या काढून टाकल्या तिनं, म्हणे टोचतात."

केसरबाई चपला न घालता शाळेच्या मैदानावर गेली. अपेक्षा गोळा मानेशी धरून उभी होती. तिनं तो फेकला, चेहरा आंबट झाला, मग हात झटकून हसली.

"पोरी, नोको फेकू म्हणलं ना तुले."

"आजी, तूच त लचक म्हणली. अन् लचक चालवल्यानंच जाते, हे बी तूच म्हणते. माह्या बापाले बी तूच सांगतलं होतं, मांगच्या साली."

"ते पायाची होती."

"मंग हाताची लचक येगळी असते काय?" ती खोडकरपणे म्हणाली. बाकीच्या मुली हसल्या. एकीनं म्हटलं, "आजीले गोळा दे वं, पाहू किती लांब टाकते." केसरबाईही हसली. तोंड आपोआप हसलं. तिथंच, त्या मुलींच्या घोळक्यात, तिला म्हणता आलं असतं. एक शब्द तर होता. पण तो म्हटला तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग त्या दिवशी लचक काऊन म्हणली? आणि त्याचं उत्तर अश्वजितच्या फोटोवर जाऊन बसणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अश्वजित डबा भरत होता तेव्हा तिनं विषय काढला. "बाबू, मोतीरामच्या पोरीले बोलाव. पुन्हा फोटो काढ तिचा."

"दहाव्या दिवशी ये म्हणून लिहून देलं हाये डॉक्टरनं."

"दुखलं तर, असं लिहेल हाये. ते म्हणते दुखत नाही. दुखून राह्यलं तिले. तू सांग."

त्यानं डब्याचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. "माय, तो चिंचोका मोडला असला तर पहिल्या फोटोत कधी कधी दिसतच नाही. आठ-दहा दिवसानं फट रुंदावते, मंग दिसते. आमाले शिकवलं हाये हे."

केसरबाई त्याच्याकडे वळली. "म्हणजे तुले डाऊट होता?"

"खळग्यात दुखते म्हणत होती ते. डाऊट त येतेच."

"मंग बोलला काऊन नाही?"

"मी काय बोलू? मी फोटो काढणारा. डॉक्टरनं पाह्यला, त्याईनं सांगतलं." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "मले वाटलं, तुह्या अंगठ्याले लागलं तर तू सांगशीन. म्हणूनच त उभा राह्यलो होतो मी फाटकात. तू लचक म्हणली, माह्या मनातला डाऊट गेला."

घरात शेगडीवर दूध उतू गेलं. दोघांपैकी कुणी उठलं नाही.

"तुले काय लागलं होतं, माय?" त्यानं विचारलं.

तिला सांगायची गरज नव्हती. त्याला तिचा चेहरा वाचता येत होता. तो डबा न घेताच गेला. त्या आठवड्यात त्यानं मोतीरामाला दोनदा फोन केला, फोटो काढायला या म्हणून. मोतीरामानं दोन्ही वेळा हसून सांगितलं, "अरे, तुह्या मायनं पाह्यला हात. ते असल्यावर तुह्या मशीनले कोण इचारते?"

*

मैदानी चाचणी मार्चमध्ये झाली. केसरबाईनं ती मयुरीच्या तोंडून ऐकली. अपेक्षा धावण्यात छान आली, स्वतःच्या नेहमीच्या वेळेपेक्षाही छान. गोळ्याला तीन संधी. पहिल्या फेकीत मनगट मागे वळलं आणि गोळा पायापाशी पडला. दुसऱ्या वेळी तिनं डाव्या हाताचा टेकू देऊन तो मानेपर्यंत नेला, टेकू सोडला आणि फेकला. जेमतेम चार मीटर. "मॅडमनं इचारलं तिले, हात दुखते का वं? ते म्हणे, नाही मॅडम, लचक हाये नुसती." मयुरीनं हे नक्कल करून सांगितलं आणि मग तिलाच रडू आलं. तिसरी फेक अपेक्षानं केली की नाही हे केसरबाईनं विचारलं नाही.

यादीत नाव आलं नाही. गोळ्याचे गुण कुठल्या कुठे राहिले. त्यानंतर दुखणं लपवायचं कारणच उरलं नाही, आणि मे महिन्यात मोतीरामानं मुलीला अकोल्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी फोटो लावला आणि मनगटातल्या त्या लहान हाडावर पेन टेकवलं. मधोमध जुनी मोड, अर्धा तुकडा खडूसारखा पांढरा. मोतीरामाला कळेना. डॉक्टरांनी विचारलं, काय करता? भाजी. ड्रिप आहे? आहे. "या हाडाला रक्त उलट्या टोकाकडून येतं. ठिबकची नळी मधेच तुटली तर टेलच्या, म्हणजे शेवटच्या झाडांचं काय होतं?"

"वाळतात," मोतीराम म्हणाला.

"हा तुकडा वाळला. सुरुवातीलाच दोन-तीन महिने प्लास्टरमध्ये ठेवला असता तर बहुतेक जुडला असता."

कमरेचं हाड काढून तिथं बसवायचं ऑपरेशन झालं. जखम भरली. पण मनगट पूर्वीसारखं मागे वळेना, आणि मुठीत पाण्याची बादली राहीना. पुढच्या भरतीचा अर्ज अपेक्षानं भरला नाही.

गावानं केसरबाईला काहीच म्हटलं नाही. हीच गोष्ट तिला आधी कळली नाही, मग हळूहळू कळली. फाट्यावरच्या चहाच्या ठेल्यावर बोलणं होई ते दुसरंच. फोटो काढणाऱ्याला मोड दिसली नाही. केसरबाई बिचारी काय करणार. फोटोच खोटा, मग म्हातारीच्या मनानं बी फोटोवर भरवसा ठेवला. एकानं चहाचा घोट घेत म्हटलं, "कोट्यातून पास झालेले हात हाड काय पाहतीन बे?" त्यावर हसले ते ज्यांच्या घरातली मनगटं केसरबाईनं कधी ना कधी हातात घेतली होती. हे सगळं अश्वजितच्या कानावर गेलं. दवाखान्यात माणसं खिडकीशी येऊन विचारू लागली, दुसरा कोणी नाही का फोटो काढाले? डॉक्टरांनी त्याला काढलं नाही. त्यानंच दिवाळीच्या आधी नोकरी सोडली आणि सुरतेला एका लॅबमध्ये लागला. रविवारी फोन करतो. "जेवली का?" "जेवली." "बरं." गावचं दोघंही काढत नाहीत.

ज्याच्या फोटोवर डाग लागू नये म्हणून ती एकदा खोटं बोलली, डाग त्याच्याच फोटोवर बसला. तिचा अंगठा मात्र गावात होता तसाच स्वच्छ राहिला. लोक अजून येत. ती हात पुढे करत नसे. "नांदुऱ्याले जा, फोटो काढा," एवढंच म्हणायची. लोकांना वाटायचं, पोरगा गेल्यापासून म्हातारीचं मन उडालं.

*

माघात एका दुपारी केसरबाई पुष्पाबाईच्या वावरात गेली. मेथी उपटण्याजोगी झाली होती. पुष्पाबाई बांधावर बसून जुड्या बांधत होती, शेजारी अपेक्षा. अपेक्षा डाव्या हातानं जुडी धरायची, सुतळीचं एक टोक दातांत पकडायची आणि उजव्या हाताच्या बोटांनी गाठ मारायची. तीन वेळा सुतळी बोटांतून सुटली. चौथ्यांदा गाठ बसली. तिनं जुडी ढिगावर टाकली आणि दुसरी उचलली.

"ये वं केसरबाई, बस. आज इकडं कुठं?"

केसरबाई बसली नाही. वाटेत तिनं बरंच काही जुळवून आणलं होतं. ते सगळं त्या दातांतल्या सुतळीपाशी संपलं.

"पुष्पाबाई, त्या दिवशी मले मोड लागली होती."

पुष्पाबाईचा हात थांबला. "कोणत्या दिवशी?"

"फोटो काढून आल्या होत्या तुमी. खळग्यात हात ठेवला, तव्हाच समजलं मले. दोन तुकडे होते. मी लचक सांगतली. जाणून सांगतली. फोटोत दिसलं नाही, ते दिसतच नाही पहिल्या दिवशी, त्यात पोराचा काही कसूर नाही. कसूर माह्या तोंडाचा हाये."

अपेक्षानं दातांतली सुतळी काढली. ती केसरबाईकडे बघत होती, आणि काही विचारणार होती, पण आई आधी बोलली. चिडून नाही. मोठ्या समजुतीनं, एखाद्या आजाऱ्याशी बोलावं तसं.

"केसरबाई, मी काय आज ओळखून राह्यलो काय तुले? बाळंतपणात माहा हात निखळला होता तव्हापासून पाहतो. तुह्या हाताले मोड लागन अन् तू लचक म्हणशीन? सरपंचाच्या जावयाले नाही सोडलं तुनं."

"खरं सांगतो मी. या डोयाची आन."

"नोको आन घेऊ." पुष्पाबाईनं हातातली जुडी खाली ठेवली. "लोक पोराले बोलतात, ते तुले सहन होत नाही. तो तिकडं सुरतेत जाऊन बसला. मले समजत नाही काय? मले बी लेकरू हाये."

"तसं नाही वं बाई..."

"तसंच हाये. अन् मले राग नाही आला. आम्ही तुह्या पोराले माफ केलं समज. जे झालं ते झालं." तिनं केसरबाईचा हात धरून तिला बांधावर बसवलं. "लेकरासाठी माय खोटं बोलतेच. तुह्या जागी मी असती त मी बी बोलली असती."

केसरबाईनं अपेक्षाकडे पाहिलं. मुलगी खाली मान घालून पुढच्या जुडीची मेथी एका सरीत लावत होती. मुळं एका बाजूला, पानं एका बाजूला. मग तिनं सुतळी पुन्हा दातांत धरली.